‘घरासमोर’ की ‘घरा समोर’? मराठीत शब्द कुठे जोडायचे, कुठे सुटे ठेवायचे

रस्ता खोदला की शेजारी फलक उभा राहतो: ‘गैर सोयी बद्दल क्षमस्व’. दिसतात चार शब्द, आहेत दोनच. ‘गैरसोयीबद्दल’ हा एक आणि ‘क्षमस्व’ हा दुसरा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरची सूचना, ग्रामपंचायतीला दिलेला अर्ज, लग्नाची पत्रिका, दुकानाची पाटी, काहीही उचलून पाहा, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांइतक्याच या रिकाम्या जागांच्या चुका सापडतात. ऱ्हस्व-दीर्घावरून निदान भांडणे तरी होतात. ‘पुण्या ला’ लिहिणाऱ्याला कुणी हटकतही नाही.

यासाठी व्याकरणाचे पुस्तक पाठ करायची गरज नाही. एक चाचणी, दोन याद्या आणि कामाचा ठरलेला क्रम एवढ्यावर भागते. क्रम मात्र मोडू नका. ‘जोडून लिहा’ एवढेच ऐकलेली माणसे दिसेल ते जोडत सुटतात आणि ‘करूनये’, ‘येतनाही’ अशा नव्या चुका जन्माला घालतात.

## आधी तयारी

मजकूर पहिल्यांदा पूर्ण लिहून काढा. लिहिता लिहिता जोडतोड करत बसलात तर वाक्याचा ओघही जातो आणि निम्म्या जागा नजरेतून सुटतात. दुरुस्ती ही वेगळी फेरी ठेवा.

फोनचा कीबोर्ड समजून घ्या. बऱ्याच चुका अज्ञानातून नव्हे, त्याच्यामुळे होतात. ‘घरा’पर्यंत टंकले की वरच्या पट्टीत शब्द सुचवले जातात, त्यातला एक निवडला की कीबोर्ड आपणहून एक जागा सोडतो. पुढचा ‘समोर’ मग तुटलेलाच पडतो. म्हणून पूर्ण शब्द एका दमात टंका. सुचवलेला शब्द घेतलाच तर लगेच बॅकस्पेस दाबून जागा मिटवा. बोलून टंकणाऱ्यांनी तर प्रत्येक वाक्य तपासायलाच हवे.

आता दोन याद्या. शब्दाला मागून लागणाऱ्या तुकड्यांना व्याकरणात प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये अशी वेगवेगळी नावे आहेत. आपल्या कामापुरते दोघांनाही ‘शेपूट’ म्हणू.

पहिली यादी, कायम चिकटणारी शेपटे: ला, ना, ने, नी, शी, चा-ची-चे-च्या, त, हून, साठी, कडे, कडून, पेक्षा, मुळे, बद्दल, विषयी, बाबत, पर्यंत, पासून, ऐवजी, प्रमाणे, नुसार, द्वारे, सुद्धा, देखील, च.

दुसरी यादी, दुहेरी वागणारी: वर, खाली, आत, बाहेर, समोर, मागे, पुढे, जवळ, मध्ये, नंतर, आधी, पूर्वी, बरोबर, सारखा, विरुद्ध.

दुसऱ्या यादीतले शब्द कधी शेपूट असतात, कधी स्वतंत्र. सगळा गोंधळ इथेच होतो.

## टप्पा १ : पहिल्या यादीतली शेपटे डोळे मिटून जोडा

मजकुरातल्या प्रत्येक रिकाम्या जागेवर थांबा आणि उजवीकडचा तुकडा पाहा. तो पहिल्या यादीत असेल तर विचार करायचा नाही, जोडायचा.

‘मुलां साठी’ नव्हे, ‘मुलांसाठी’. ‘माझ्या कडे’ नव्हे, ‘माझ्याकडे’. ‘पावसा मुळे’ नव्हे, ‘पावसामुळे’. ‘आज च’ नव्हे, ‘आजच’. क्रियापदापासून झालेल्या शब्दांनाही हेच लागू: ‘करण्यासाठी’, ‘येईपर्यंत’, ‘असल्यामुळे’, ‘ठरल्याप्रमाणे’.

शब्द इंग्रजीतून आला म्हणून सवलत नाही. ‘फेसबुकला’, ‘बँकेकडून’, ‘ऑफिसपासून’, ‘मोबाइलमुळे’ हे सगळे एकेकच शब्द. परक्या शब्दापुढे हात आखडतो आणि जागा सुटते, असे दिसते. मराठीत आलेला शब्द मराठी शेपूट घेतो, मग पुरते घेऊ द्या.

सावधान : ‘त्यांनी साठी ओलांडली’ यातली साठी वयाची आहे. ‘झाडाची मुळे’ आणि आडनावाचे मुळे हेही शेपूट नव्हेत. ‘पिठाची आणि पाण्याची प्रमाणे’ इथे ‘प्रमाणे’ म्हणजे प्रमाणाचे अनेकवचन. माणसाला हे वाचताक्षणी कळते. मजकुरात शोधा-आणि-बदला करणाऱ्या संगणकाला कळत नाही, म्हणून ती सोय अशा ठिकाणी आंधळेपणाने वापरू नका.

## टप्पा २ : दुसऱ्या यादीसाठी ‘घर’ची चाचणी

‘समोर’ जोडायचा की सुटा? आधीच्या शब्दाचे रूप बदलले असेल तर जोडायचा, हा मूळ नियम. ‘दुकान’चे ‘दुकाना’ झाले, म्हणून ‘दुकानासमोर’. अडचण अशी की ‘गाडी’, ‘भाजी’, ‘आई’ अशा शब्दांचे रूप बदललेले दिसतच नाही. अशा वेळी त्या शब्दाच्या जागी ‘घर’ ठेवून वाक्य म्हणून पाहा. अर्थ विचित्र झाला तरी चालेल. ‘घर’चे ‘घरा’ होत असेल तर जोडा. ‘घर’ तसेच राहत असेल तर सुटे ठेवा.

*कुत्रा गाडी खाली झोपलाय.* इथे ‘घर’ ठेवा: ‘कुत्रा घराखाली झोपलाय’. ‘घरा’ झाले. म्हणून ‘गाडीखाली’ जोडून.

*गाडी खाली लावली आहे.* इथे ‘घर’ ठेवा: ‘घर खाली लावले आहे’. ‘घर’ तसेच राहिले. म्हणून ‘गाडी खाली’ सुटे. गाडी तळमजल्यावर आहे, तिच्याखाली काही नाही.

आता हे वाक्य घ्या: *आई बरोबर बोलत होती.* सुटे लिहिले तर आईचे म्हणणे खरे होते. ‘आईबरोबर बोलत होती’ असे जोडले तर दुसरीच कुणी आईशी गप्पा मारत होती. एका रिकाम्या जागेने कर्ता बदलला. ‘तो सारखा रडतो’ आणि ‘तो बाळासारखा रडतो’, ‘पूर्वी इथे विहीर होती’ आणि ‘परीक्षेपूर्वी’, ‘नंतर बोलू’ आणि ‘जेवणानंतर’ या जोड्याही याच चाचणीत सुटतात.

‘घराच्या मागे’, ‘शाळेच्या समोर’ असे मधे ‘च्या’ आले की नामानंतर सुटे लिहायची चाल आहे, सर्वनामानंतर मात्र जोडायची: ‘त्याच्यामागे’, ‘तिच्यासमोर’. हा भेद लक्षात ठेवायचा कंटाळा असेल तर ‘च्या’च काढून टाका. ‘घरामागे’, ‘शाळेसमोर’. वाक्यही आटोपशीर होते. कार्यालयीन मराठीतल्या निम्म्या ‘च्या’ अशाच काढण्याजोग्या असतात.

तपासून पाहा : पुढच्या चार वाक्यांत कुठे जोडाल?
(क) तुम्ही पुढे व्हा.
(ख) समिती विरुद्ध तक्रार आली.
(ग) भाजी वर कोथिंबीर घाल.
(घ) भाजी वर ठेव, मांजर येईल.

उत्तरे: (ख) आणि (ग) जोडून, म्हणजे ‘समितीविरुद्ध’ आणि ‘भाजीवर’. (क) आणि (घ) सुटे. (ग) आणि (घ)मध्ये अडखळला असाल तर चाचणी मोठ्याने म्हणून करा: ‘घरावर कोथिंबीर घाल’, ‘घर वर ठेव’.

## टप्पा ३ : जोडताना आतले रूप दुरुस्त करा

नुसती जागा मिटवून काम होत नाही. शेपूट लागले की शब्दाच्या पोटात बदल होतो. तो झाला नाही तर ‘दूधात’, ‘तूपाची’, ‘गूळाची पोळी’ अशी न धड तुटलेली, न धड जुळलेली रूपे उरतात. खानावळीच्या पाट्यांवर ती घाऊक भावाने मिळतात.

पोटातला दीर्घ ऱ्हस्व होतो. दूध, दुधात. तूप, तुपाची. गूळ, गुळाची. पीठ, पिठात. मीठ, मिठाचा. मूल, मुलासाठी. वकील, वकिलाकडे. गरीब, गरिबांना. जमीन, जमिनीवर. विहीर, विहिरीजवळ. गावांच्या नावांतला ‘पूर’ही तसाच: कोल्हापुरात, सोलापुरात, नागपुरात. ‘कोल्हापूरमध्ये’ असे लिहिले तर मधे ‘आ’ येत नाही, त्यामुळे पू दीर्घच राहतो. ‘सोलापूरहून’चेही तसेच. पण ‘कोल्हापूरात’ हे मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा बदल टाळतात: शरीर, शरीरात.

शेवटचा ‘ए’ जाऊन ‘या’ येतो. पुणे, पुण्यात. ठाणे, ठाण्याहून. पेडणे, पेडण्याला. करणे, करण्यासाठी. आकारान्त नावेही बदलतात: सातारा, साताऱ्यात. गोवा, गोव्याचा. फोंडा, फोंड्याहून. म्हापसा मात्र म्हापशात जाते, कारण ‘सा’चा ‘शा’ होतो. पैसा, पैशाचा. घसा, घशात. मासा, माशाला. इथे ‘पैश्याचा’ असा जास्तीचा य घालू नका. ‘प्रवासी’चेही ‘प्रवाशांनी’ होते, ‘प्रवाश्यांनी’ नव्हे.

आडनावांशी झटापट नको असेल तर ‘यांना’, ‘यांचे’, ‘यांच्याकडून’ वापरा. ‘देशपांडे यांना’ हे सुटे लिहायचे, कारण ‘यांना’ हा स्वतंत्र शब्द आहे. मात्र ‘यांच्या’ आणि ‘कडून’ यांच्यात जागा नको. सरकारी पत्रांत ‘यांचे कडून’, ‘आपले कडील’, ‘यांचे मार्फत’ अशी तुटकी रूपे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. आजच्या मराठीत ती ‘यांच्याकडून’, ‘आपल्याकडील’, ‘यांच्यामार्फत’ अशी हवीत. वरिष्ठांचा जुन्याच वळणाचा हट्ट असेल तर ‘यांचेकडून’ लिहा, निदान जोडून तरी लिहा.

अनेकवचनाचा अनुस्वार विसरू नका. ‘मुलासाठी’ म्हणजे एका मुलासाठी, ‘मुलांसाठी’ म्हणजे अनेकांसाठी. ‘महिलासाठी राखीव’, ‘ज्येष्ठ नागरिकासाठी’, ‘सभासदाना कळवण्यात येते’ या तिन्हींत टिंब हरवले आहे. आदरार्थी एकवचनालाही ते लागते: ‘आजोबांना’, ‘सरांकडे’, ‘अध्यक्षांनी’. टिंबाशिवाय ‘अध्यक्षाने सांगितले’ लिहिलेत तर व्याकरण बिघडत नाही, अध्यक्ष बिघडतात.

पोटातला ऱ्हस्व आणि अनेकवचनाचा अनुस्वार हे दोन्ही मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतले आहेत (१९६२चे १४ आणि १९७२ला भर पडलेले ४). रिकाम्या जागेचा प्रश्न मात्र बहुतेकांनी शाळेत व्याकरणाच्या तासाला ‘शब्दयोगी अव्यय’ या धड्यात एकदा पाहिला आणि परीक्षेनंतर सोडून दिला.

तपासणी : जोडलेला प्रत्येक शब्द एकदा सुटा करून मूळ शब्द मनात आणा. ‘चुकीमुळे’चा मूळ शब्द ‘चूक’. तिथे दीर्घ, इथे ऱ्हस्व. बदल झाला आहे ना? मग पुढे.

## टप्पा ४ : शेपटाला शेपूट

शेपटाला आणखी शेपूट लागले तरी शब्द एकच राहतो. ‘घरासमोरून’, ‘गाडीखालच्या’, ‘शाळेजवळच्यांना’, ‘माझ्यासाठीसुद्धा’, ‘त्यांच्याकडूनही’, ‘परवापर्यंतच’. लांबी बघून घाबरू नका. ‘दुकाना बाहेर च्या पाटी वर’ या पाच तुकड्यांचे नीट रूप ‘दुकानाबाहेरच्या पाटीवर’ असे दोन शब्दांत बसते.

‘समोरून’, ‘खालून’, ‘करून’, ‘जाऊन’ यांतला ऊ दीर्घ. ‘समोरुन’ आणि ‘करुन’ ही रूपे इतकी पसरली आहेत की बरोबर वाटू लागली आहेत. बरोबर नाहीत.

आता ‘ही’. हे छोटे अक्षर सर्वांत जास्त घोटाळा करते, कारण ते शेपूटही आहे आणि सर्वनामही. ‘मुलगीही हुशार आहे’ म्हणजे मुलगासुद्धा हुशार आहे, आणि मुलगीसुद्धा. ‘मुलगी ही हुशार आहे’ म्हणजे मुलींबद्दल एक सरसकट विधान. ‘तो ही आला’ याला काही अर्थच नाही. तिथे ‘तोही’ हवे. ‘ही’च्या जागी ‘सुद्धा’ ठेवून पाहा. बसले तर जोडा.

‘पण’चेही तसेच. ‘परंतु’ या अर्थी सुटा: ‘मी येतो, पण उशीर होईल’. ‘सुद्धा’ या अर्थी जोडून: ‘तूपण चल’. तरी ‘मीपण’ लिहिताना मी स्वतः थबकतो, कारण ते अहंकाराच्या ‘मीपणा’कडे झुकते. ‘मीही’ लिहिले की प्रश्न मिटतो. ‘मात्र’ हा ‘पण’च्या अर्थी सुटा (‘मी मात्र येणार नाही’) आणि ‘क्षणमात्र’, ‘नाममात्र’ यांत जोडलेला.

## टप्पा ५ : जे सुटेच राहते

इथपर्यंत जोडायची सवय लागली असेल, तर आता लगाम. पुढचे शब्द बोलताना एका श्वासात येतात, म्हणून लोक ते चिकटवतात. चिकटवू नका.

‘करू नये’, ‘थुंकू नये’, ‘उभी करू नयेत’, ‘येऊ नका’. यांत ‘नये’ आणि ‘नका’ ही स्वतंत्र क्रियापदे आहेत. ‘येत नाही’, ‘होत नव्हते’ हेही सुटे. ‘करू शकतो’, ‘ठेवून द्या’, ‘येऊ दे’, ‘देऊन टाका’ सुटे. ‘जातो आहे’ सुटे, पण त्याचेच आखूड रूप ‘जातोय’ हा एक शब्द.

‘का’ आणि ‘की’ सुटे: ‘येणार का?’, ‘चहा की कॉफी?’. ‘तरी’ दोन्हीकडे जातो. ‘कोणीतरी’, ‘काहीतरी’, ‘कुठेतरी’ जोडून. ‘पाऊस आला तरी’, ‘एकदा तरी’ सुटे.

‘त्या वेळी’, ‘या वर्षी’, ‘त्या दिवशी’ हे काळजीपूर्वक लिहिणारे सुटे लिहितात. ‘वेळी’, ‘वर्षी’, ‘दिवशी’ ही स्वतः शेपूट घेतलेली नामे आहेत, शेपटे नव्हेत. ‘त्यावेळी’ सर्रास छापले जाते, त्यावरून कुणाशी भांडण मांडण्यात अर्थ नाही. पण एका मजकुरात एकच पद्धत ठेवा. याउलट ‘दरवर्षी’, ‘दररोज’, ‘दरमहा’ जोडूनच, कारण ‘दर’ पुढून चिकटतो. तो पुढचा टप्पा.

सावधान : ‘मोठ्याने वाचा, जिथे थांबाल तिथे जागा सोडा’ असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो निम्मा खोटा आहे. ‘करू नये’मध्ये कुणी थांबत नाही, तरी ते दोन शब्द आहेत.

## टप्पा ६ : पुढून चिकटणारे तुकडे आणि जोडशब्द

‘गैर’, ‘बिन’, ‘विना’, ‘उप’, ‘अति’, ‘प्रति’, ‘सह’, ‘दर’ हे सुटे उभे राहत नाहीत: गैरसोय, बिनशर्त, विनापरवाना, उपाध्यक्ष, अतिमहत्त्वाचे, सहकुटुंब. पत्रिकेतले ‘सह कुटुंब सह परिवार’ म्हणजे चार तुकड्यांत विखुरलेले दोन शब्द. ‘सह’ मागून आला तरी चिकटतोच: ‘कुटुंबासह’. ‘माजी’ मात्र सुटा: ‘माजी सैनिक’.

वेळेचे अपूर्णांक जोडून: साडेसहा, सव्वादोन, पावणेचार. ‘साडे सहा वाजता’ हे पत्रिकांत हमखास सापडते. ‘सहा वाजून पाच मिनिटांनी’ मात्र सुटे.

दोन नामांचा मिळून एक अर्थ झाला की ते जोडा: पाणीपुरवठा, साफसफाई, नळजोडणी, सूचनाफलक, गृहप्रवेश, आईवडील. जोडून लिहिल्यावर वाचकाची फसगत होणार असेल तर मधे छोटी आडवी रेघ द्या. ‘वधूवर मेळावा’ ‘वधूच्या वर’ असा वाचला जाणार नाही, हे खरे, पण ‘वधू-वर’ लिहिल्याने कुणाचे बिघडतही नाही. संस्थांची आणि कार्यालयांची नावे जशी प्रचलित आहेत तशी ठेवा: जिल्हा परिषद, पोलीस ठाणे. शेपूट शेवटच्या शब्दाला लागते: ‘जिल्हा परिषदेसमोर’, ‘पोलीस ठाण्याजवळ’.

अर्जाच्या विषयाची ओळ इथे मुद्दाम पाहा. अख्खा अर्ज वाचण्याआधी साहेब तीच वाचतात. ‘विषय : पाणी पुरवठ्या बाबत’ऐवजी ‘विषय : अनियमित पाणीपुरवठ्याबाबत’.

## टप्पा ७ : आकडे, संक्षेप, अवतरणे

नियमाप्रमाणे शेपूट आकड्यालाही चिकटते: ‘२०२४मध्ये’, ‘१०वीचा निकाल’, ‘५व्या मजल्यावर’. छापील मराठीत ‘२०२४ मध्ये’ अशी जागा सोडण्याचीही चाल आहे. दोन्ही चालेल, मिसळ चालणार नाही. आकडा अक्षरी लिहिला की मात्र पर्याय नाही: ‘पाचव्या’, ‘दहावीचा’.

संक्षेपातली टिंबे काढून टाकलीत तर शेपूट नीट बसते: ‘एसटीने’, ‘किमीवर’. अवतरणचिन्ह संपले की लगेच शेपूट: ‘विशेष सवलत’मध्ये. मधे जागा सोडली की ते शेपूट पोरके दिसते.

## एक सूचना पहिल्या ओळीपासून

सोसायटीच्या गटावर येते तशी ही सूचना:

> सर्व सभासदाना कळविण्यात येते की रविवारी सकाळी ९ पासून साडे अकरा पर्यंत टाकी च्या साफ सफाई मुळे पाणी पुरवठा बंद राहील. तरी पाण्या चा साठा करुन ठेवावा. गाड्या टाकी समोर उभ्या करूनयेत. अडचण आल्यास सचिवां शी संपर्क साधावा. गैर सोयी बद्दल क्षमस्व.

पहिल्या फेरीत यादीतली शेपटे: ‘पर्यंत’, ‘च्या’, ‘मुळे’, ‘चा’, ‘शी’, ‘बद्दल’. सगळी जोडली. दुसऱ्या फेरीत ‘टाकी समोर’: ‘गाड्या घरासमोर उभ्या’, म्हणजे जोडायचे. तिसरीत ‘सभासदाना’ला टिंब. चौथीत ‘करुन’चा ऊ दीर्घ. पाचवीत ‘करूनयेत’ तोडले. सहावीत ‘साडे अकरा’, ‘साफ सफाई’, ‘पाणी पुरवठा’, ‘गैर सोयी’. सातवीत आकडा: ‘९ पासून’. जागा ठेवली, कारण या सूचनेत दुसरा आकडा नाही आणि गटावर तीच सवय आहे.

> सर्व सभासदांना कळविण्यात येते की रविवारी सकाळी ९ पासून साडेअकरापर्यंत टाकीच्या साफसफाईमुळे पाणीपुरवठा बंद राहील. तरी पाण्याचा साठा करून ठेवावा. गाड्या टाकीसमोर उभ्या करू नयेत. अडचण आल्यास सचिवांशी संपर्क साधावा. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

‘करून ठेवावा’ला आणि ‘संपर्क साधावा’ला हात लावलेला नाही, हे पाहिलेत ना? नवशिका तेही जोडून टाकतो.

## टप्पा ८ : शेवटची झडती

संगणकावर मजकूर असेल तर शोधाच्या चौकटीत एक रिकामी जागा आणि तिच्यामागे ‘साठी’ टंका. जे सापडेल ते जवळजवळ नक्की चूक. मग हेच ‘मुळे’, ‘कडे’, ‘पर्यंत’, ‘पेक्षा’, ‘बद्दल’, ‘सुद्धा’ यांच्यासाठी करा. दुसऱ्या यादीतल्या शब्दांसाठीही शोधा, पण तिथे प्रत्येक वेळी थांबून ‘घर’ची चाचणी लावा. उलट दिशेने ‘नये’, ‘नका’, ‘नाही’ शोधा आणि त्यांच्या आधी जागा आहे का ते पाहा. हाताने लिहिलेला अर्ज असेल तर ओळीवरून बोट फिरवत शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. अर्थाच्या ओघात डोळा चुका गिळतो, उलटे वाचताना गिळत नाही.

मजकूर फलकावर किंवा पत्रिकेवर जाणार असेल तर काम अजून संपलेले नाही. डीटीपी करणारा बहुधा तो नव्याने टंकतो किंवा वेगळ्या फाँटमध्ये उतरवतो, आणि तुमच्या नीट जोडलेल्या शब्दांत पुन्हा फटी पडतात. शिवाय रुंदी पुरली नाही की तो ‘कार्यालयासमोर’चा ‘समोर’ सरळ खालच्या ओळीत ढकलतो. छपाईआधीचे चित्र मागवा आणि ओळींचे शेवट तेवढे तपासा. तुटलेला शब्द मावतच नसेल तर अक्षर लहान करायला सांगा. तेही शक्य नसेल तर ‘कार्यालया-’ अशी रेघ देऊन ओळ मोडायला सांगा. ‘छापल्यावर दिसत नाही हो’ असे तो म्हणेल. दिसते.